नाबाद आकड्यांचा भ्रम

छत्रपती संभाजीनगरात आमखास मैदानापासून गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलापर्यंत जेथे जेथे मुले क्रिकेटचा सराव करतात, तेथे तेथे जाळीबाहेर उभ्या राहिलेल्या पालकांच्या तोंडी एक सिद्धान्त हमखास ऐकू येतो, आणि तो असा की, चौदा वा सोळा वर्षांखालील स्पर्धांत ज्याने धावांचा डोंगर रचला त्याचे भवितव्य मुकरर झाले. पुढे आयपीएलच्या लिलावात त्याचे नाव पुकारले गेले नाही, तर त्यामागे वशिल्यावाचून दुसरे कारण संभवतच नाही. या समजुतीपायी मुलांची शाळा सुटते, घरावर कर्ज चढते आणि सोळाव्या वर्षीच ‘आपल्यावर अन्याय झाला’ ही कडवट भावना मुलाच्या मनात घर करते. म्हणून तिची शहानिशा एकदा नीट झाली पाहिजे.

दाखला फार दूर शोधावयास नको. शेजारच्या जालन्याच्या विजय झोल याने २०११ साली एकोणीस वर्षांखालील कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या. २०१२ साली युवा विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता, २०१४ च्या युवा विश्वचषकात कर्णधार होता, आणि त्याच वर्षी आयपीएलमध्ये बंगलोरने त्याला आपल्या संघात घेतले. इतके होऊनही भारताच्या मुख्य संघाचे दार त्याला उघडले नाही. येथे वशिल्याची कैफियत मांडण्यास जागाच उरत नाही, कारण निवडणाऱ्यांनी त्याला प्रत्येक पायरीवर संधी दिली होती. चूक झाली ती त्या एका आकड्यावरून त्याच्या पुढील पंधरा वर्षांचे भाकीत करणाऱ्या आम्हा सर्वांची.

कल्याणच्या प्रणव धनावडेने जानेवारी २०१६ मध्ये शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या, तेव्हा तर साऱ्या जगाने ती बातमी छापली. त्याच सामन्याचा उरलेला तपशील मात्र फार थोड्यांनी वाचला: त्याच्या शाळेने ३ बाद १४६५ धावांवर डाव घोषित केला आणि प्रतिस्पर्धी शाळा दोन डावांत ३१ व ५२ धावांत बाद झाली. जो संघ दोन्ही डाव मिळून शंभरीही गाठू शकत नाही, त्याच्या गोलंदाजीवर काढलेल्या धावांतून त्या मुलाची चिकाटी निश्चित सिद्ध होते; ताशी एकशे चाळीस किलोमीटर वेगाने छातीवर येणारा चेंडू तो कसा खेळेल, हे त्यातून कळण्याचा मुळीच संभव नाही. त्याच्यापूर्वीचा ६२८ धावांचा विक्रम इंग्लंडच्या कॉलिन्स या शाळकरी मुलाने १८९९ साली केला होता आणि तोही कधी प्रथम श्रेणीचा सामना खेळला नाही.

‘ही तर पोरांच्या सामन्यांची उदाहरणे झाली,’ असा आक्षेप येथे कोणी घेईल. त्याने ऑक्टोबर २०१६ मधील वानखेडे स्टेडियमवरील महाराष्ट्र विरुद्ध दिल्ली हा रणजी सामना आठवावा. आपल्या पैठणचा अंकित बावणे नाबाद २५८ आणि स्वप्निल गुगळे नाबाद ३५१, अशी ५९४ धावांची अभेद्य भागीदारी त्या सामन्यात झाली, आणि तोवरच्या रणजीच्या इतिहासात तिच्याहून मोठी भागीदारी झालेली नव्हती. महाराष्ट्राच्या २ बाद ६३५ ला दिल्लीने ५९० धावांनी उत्तर दिले. त्यांत एकोणीस वर्षांच्या एका यष्टिरक्षकाच्या ३०८ धावा होत्या, त्याही ३२६ चेंडूंत. त्याचे नाव ऋषभ पंत. खेळपट्टी तीच होती आणि त्रिशतके दोन झाली होती. परंतु ज्याला माणूस पारखावयाचा असतो, तो धावांच्या बेरजेपाशी न थांबता त्या कोणत्या गतीने आणि कोणत्या फटक्यांनी आल्या ते पाहतो. त्याच हंगामात झारखंडविरुद्ध ४८ चेंडूंत शतक ठोकून पंतने आपली गती हा योगायोग नसल्याचे दाखवून दिले, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये तो भारताच्या वीस षटकांच्या संघात होता. बावणेची योग्यता यामुळे तिळमात्र उणी होत नाही. प्रथम श्रेणीत वर्षानुवर्षे महाराष्ट्राचा डाव सावरणारा तो फलंदाज आहे. आयपीएलला मात्र निराळ्या कामाचा माणूस हवा असतो.

हे पारखी लोक पाहतात तरी काय? चेंडूचा टप्पा फलंदाजाला किती लवकर उमगतो, त्या क्षणी त्याचे डोके स्थिर असते की नाही, आखूड चेंडूवर वजन मागच्या पायावर जाते की तो केवळ मान वळवतो, लागोपाठ दोनदा लवकर बाद झाल्यावर तिसऱ्या डावात त्याचे वागणे कसे असते. चाचणीत ‘दोन षटकांत तीस धावा हव्यात’ असा प्रसंग मुद्दाम उभा करतात, तो याच कारणासाठी. २०१३ साली मुश्ताक अली स्पर्धेत मुंबई इंडियन्सचे तेव्हाचे प्रशिक्षक जॉन राइट यांनी जसप्रीत बुमराहला हेरले, तेव्हा त्याच्या नावावर विक्रमांची जंत्री नव्हती. होता तो एक विलक्षण हात आणि अचूक यॉर्कर. वैभव सूर्यवंशीला राजस्थानने तेराव्या वर्षी १ कोटी १० लाखांना घेतले, तेही नागपुरात त्याची चाचणी पाहून.

वयाचा मुद्दा तर पालक लक्षातच घेत नाहीत. क्रिकेट मंडळाची वयोगटांची गणना १ सप्टेंबरपासून होते. म्हणजे सप्टेंबरात जन्मलेला मुलगा आणि पुढच्या ऑगस्टात जन्मलेला मुलगा एकाच गटात उतरतात, आणि चौदाव्या वर्षी जवळजवळ एका वर्षाचा हा फरक उंचीत, खांद्यांत आणि फटक्याच्या जोरात उघड दिसतो. कॅनडातील हॉकीपटूंच्या जन्ममहिन्यांवरून बार्न्स्ली या मानसशास्त्रज्ञाने १९८५ साली हा परिणाम दाखवून दिला, आणि त्यानंतर अनेक खेळांत तो आढळला आहे. थोराड मुलाच्या धावांत त्याच्या वाढीचा वाटा किती आणि कौशल्याचा किती, हे धावफलक सांगत नाही.

पारख करणारे चुकत नाहीत, असे मात्र माझे म्हणणे नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये विद्यापीठांतील क्वार्टरबॅकची, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणाऱ्या सूत्रधाराची, व्यावसायिक संघांत वाटणी होण्यापूर्वी त्याची धाव, उंची, तळहाताचे मापसुद्धा नोंदले जाते. तरी सात अजिंक्यपदे मिळवणारा टॉम ब्रॅडी २००० साली १९९ व्या क्रमांकावर निवडला गेला, आणि १९९८ चा दुसरा क्रमांक रायन लीफ थोड्याच वर्षांत खेळाबाहेर गेला. आपल्याकडे तर १९४८ साली पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा करणारे भाऊसाहेब निंबाळकर एकही कसोटी खेळले नाहीत. ती चूक अक्षम्यच होती. परंतु माणसाला पाहणारे चुकतात, म्हणून केवळ आकडा पाहणारे बरोबर ठरत नाहीत.

आता किरकोळ समजुती. ‘बोली म्हणजे गुणवत्तेची किंमत’: तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकरला २०२२ मध्ये दीड कोटी मिळाले आणि २०२४ च्या लिलावात ३० लाख; बोली ठरते ती संघाची गरज आणि थैलीतील शिल्लक यांवरून. आयपीएलच्या २००८ च्या युवा खेळाडूंच्या निवडीत दिल्लीने विराट कोहलीला सोडून गोलंदाज प्रदीप सांगवानला घेतले, कारण फलंदाज त्यांच्याकडे पुरेसे होते. ‘मराठवाड्याकडे कोणी पाहत नाही’: याच शहरात जन्मलेले इक्बाल सिद्दिकी २००१ मध्ये कसोटी खेळले, आणि बीडच्या सचिन धसने २०२४ च्या युवा विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ३२ धावांत ४ गडी गेले असता ९६ धावा काढून सामना फिरवला. ‘दाखल्यात वय दोन वर्षे कमी लावले की झाले’: मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय काढले जाते, आणि खोटे वय उघड झाल्यास दोन वर्षांची बंदी २०२० पासून जाहीर आहे. हा अपराध पालक करतात आणि शिक्षा मुलगा भोगतो.

तेव्हा पालकांनो, मुलाच्या धावांची कात्रणे जरूर जपा, पण त्यांच्याशेजारी प्रतिस्पर्धी कोण होता, खेळपट्टी कशी होती आणि तो बाद कसा झाला हेही लिहून ठेवा. जन्माचा दाखला खरा ठेवा. आणि दहावीची परीक्षा चुकवून त्याला कोणत्याही चाचणीला पाठवू नका.