श्वेतपेशींची खतावणी

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव वसले आहे. तेथील पांढरीच्या टेकाडाचे उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वसाहत उजेडात आणली. गावात धान्याचे कोठार होते, शेतीसाठी पाण्याचा पाट होता. तरीही सापडलेल्या दफनांत सर्वाधिक संख्या बालकांची होती. घराच्याच जमिनीखाली खड्डा खणून, दोन मडकी तोंडाला तोंड लावून, त्यांत मातापित्यांनी आपले मूल ठेवले होते.

बालकाचे शरीर रोगापुढे इतके दुबळे का ठरते? याचे उत्तर बऱ्याच अंशी रक्तातील पांढऱ्या पेशींत आहे. अस्थिमज्जेत जन्मणाऱ्या या पेशी निरोगी प्रौढाच्या एक घन मिलिमीटर रक्तात साधारणपणे चार ते अकरा हजार असतात. त्यांतील न्यूट्रोफिल जखमेवर प्रथम धावून जातात, जंतूंना गिळतात आणि स्वतःही मरतात. पू म्हणजे बहुतांशी त्यांचेच अवशेष. आपल्या पेढीच्या भाषेत सांगायचे तर हा रोजमेळ आहे. आजचा व्यवहार आजच मिटतो.

लिम्फोसाइट पेशींचे काम मात्र खतावणीसारखे आहे. त्यांतील काही पेशी जंतूविरुद्ध प्रतिपिंडे तयार करतात, तर काही रोगग्रस्त पेशींचा नाश करतात. रोग हटल्यावर त्यांपैकी थोड्या पेशी स्मृतिपेशी होऊन वर्षानुवर्षे टिकतात. तोच जंतू पुन्हा आला की त्याच्या नावाचे पान उघडते आणि प्रतिकार त्वरित सुरू होतो. नवजात बालकाच्या खतावणीची पाने जवळजवळ कोरी असतात. आईकडून गर्भात आणि दुधातून मिळालेली प्रतिपिंडे ही केवळ हातउसनी शिल्लक असते. गर्भात मिळालेली तर काही महिन्यांतच सरते.

रोग भोगल्यावाचून या खतावणीत नोंद करण्याचा मार्ग म्हणजे लस. पेशी जंतू गिळतात हे इल्या मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये इटलीतील मेसिना येथे ओळखले. त्यांचे विद्यार्थी वाल्देमार हाफकिन प्लेगच्या साथीत मुंबईस आले. उष्णतेने मारलेल्या प्लेगजंतूंची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था आज त्यांचेच नाव मिरवते.

या खतावणीचा एक मोठा शत्रू आहे गोवर. त्याचा विषाणू स्मृतिपेशींनाच गाठून मारतो, म्हणजे पूर्वीच्या नोंदींची पानेच फाडतो. अंगावरील पुरळ मावळते, पण पुढे दोन-तीन वर्षांपर्यंत ते मूल अन्य रोगांना सहज बळी पडू शकते. म्हणून "गोवर काय, सर्वांनाच येतो" असे म्हणून तो अंगावर काढू नये. गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नऊ ते बारा महिन्यांत आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांत द्यावयाची असते. लग्नसराई, हंगाम, प्रवास यांच्या धांदलीत दुसरी मात्रा राहून जाते. राहिली असल्यास डॉक्टरांना विचारून ती पूर्ण करून घ्यावी.

लक्ष्मीपूजनाला आपण नव्या चोपड्यांवर कुंकू वाहतो. त्याच दिवशी घरातील प्रत्येक बालकाचे लसीकरणाचे कार्डही उघडून पाहावे. इनामगावच्या त्या मातांच्या हाती असे कार्ड नव्हते. आपल्या हाती आहे.