साठीनंतरची मोटारगाडी आणि तिचा विमा



गेल्या रब्बी हंगामात हरभऱ्यावरील एका मेळाव्यात पीकविम्याचा विषय निघाला. त्या वेळी मागच्या रांगेतील एका ज्येष्ठ बागायतदारांनी वेगळाच प्रश्न विचारला, "पिकाचं कळलं सर, पण माझं वय सदुसष्ट. गाडीचा विमा मला आता महाग पडणार का? का नुसता थर्ड पार्टी काढून मोकळं व्हावं?" प्रश्न कृषिविद्येचा नव्हता, पण बाजार समितीत, बँकेत वा दवाखान्यात स्वतः गाडी चालवत जाणारे साठीपुढील शेतकरी आता गावोगावी आहेत. म्हणून ही माहिती देत आहे.

हप्ता वयावर ठरतो काय?

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये विमा कंपन्या चालकाचे वय पाहतात आणि सत्तरीनंतर हप्ता वाढत जातो. परदेशी असलेल्या मुलांकडून हे ऐकून आपल्याकडील मंडळी धास्तावतात. आपल्याकडे मात्र थर्ड पार्टी विम्याचा दर शासन ठरवते. खासगी मोटारीसाठी तो इंजिनाच्या क्षमतेवर असतो, चालकाच्या वयावर नव्हे. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १००० सी.सी. पर्यंतच्या गाडीस वर्षाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सी.सी. साठी ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये, अधिक जी.एस.टी., असा आकार आहे. पंचविशीतला असो वा पंच्याहत्तरीतला, आकार एकच.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा, म्हणजे ओन डॅमेज, यात मुख्यतः गाडीची किंमत, तिचे वय, इंजिन आणि नोंदणीचे ठिकाण पाहिले जाते. याचे दर कंपनीनुसार बदलतात. त्यामुळे दोन-तीन ठिकाणी विचारून मगच पैसे भरावेत.

वय आडवे येते ते परवान्यात

आमच्या थोरल्या काकांचा अनुभव सांगतो. २०२५ मध्ये रात्री घरी परतताना त्यांची गाडी उसाच्या उभ्या ट्रॉलीवर आदळली. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता. सुदैवाने काकांना खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. गाडीचा खर्च मात्र ८२ हजार रुपये आला. पॉलिसी चालू होती, एजंटाने ती वेळेवर करून दिली होती. पण काकांच्या वाहन परवान्याची मुदत पाच आठवड्यांपूर्वीच संपली होती. कंपनीने क्लेम नाकारला. पॉलिसीतील चालकविषयक कलमात वैध परवान्याची अट असते, त्यामुळे भांडायला जागा नव्हती. घरात सातबाऱ्यापासून सोसायटीच्या पावत्यांपर्यंत सारे जपून ठेवणारा हा माणूस, पण परवान्यावरील तारीख कोणी पाहिलीच नव्हती.

२०१९ च्या मोटार वाहन (सुधारणा) कायद्यानंतर ५० ते ५५ या वयात काढलेला खासगी वाहनाचा परवाना साठीपर्यंतच चालतो आणि पंचावन्न पूर्ण झाल्यावर तो एका वेळी पाचच वर्षांसाठी मिळतो. मुदतीनंतर ३० दिवस चालण्याची पूर्वीची सवलतही त्याच दुरुस्तीने गेली. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरण करता येते. मुदत संपून वर्ष उलटल्यास मात्र पुन्हा चाचणी द्यावी लागते. नूतनीकरणास डॉक्टरांचा दाखला (नमुना १-अ) लागतो. मोतीबिंदू असल्यास शस्त्रक्रिया आधी उरकून घ्यावी, दाखल्यासाठी नव्हे तर रात्रीच्या रस्त्यासाठी.

अपघातात दुसरा कोणी जखमी वा मृत झाला असता तर गोष्ट फारच गंभीर झाली असती. परवाना नसला तरी न्यायाधिकरण बहुधा कंपनीला भरपाई द्यायला लावते आणि ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. ही वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे होऊ शकते. म्हणजे गाडीचे प्रकरण जमिनीपर्यंत येते. ट्रॅक्टर स्वतः चालवणाऱ्यांनाही हे लागू आहे.

नुसता थर्ड पार्टी की पूर्ण विमा?

थर्ड पार्टी विमा दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो. गाडी दहा-बारा वर्षांची झाली असेल, तर ओन डॅमेज सोडण्यास माझी हरकत नाही. गाडी पाच-सहा वर्षांच्या आतली असेल तर सोडू नये. पण पूर्ण विमा घेतला म्हणून प्रत्येक ओरखड्याचा क्लेम करणे तोट्याचे ठरते. समजा, ओन डॅमेजचा हप्ता ८,००० रुपये आहे आणि पाच वर्षे क्लेम न केल्याने ५० टक्के नो क्लेम बोनस मिळून तो ४,००० वर आला आहे. गाडी मागे घेताना ३,५०० रुपयांचा बंपर फुटला. प्लॅस्टिकच्या भागावर निम्मी घसारा वजावट, म्हणजे राहिले १,७५०. १५०० सी.सी. पर्यंतच्या गाडीस १,००० रुपयांची सक्तीची वजावट, म्हणजे हातात ७५०. पुढच्या वर्षी बोनस शून्य, म्हणून ४,००० रुपये जादा. असा बंपर स्वखर्चानेच बदलावा. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तरीही हा बोनस जातो, हेही ध्यानात असावे.

चालकाच्या जिवाचे काय?

ज्येष्ठांनी हा भाग नीट वाचावा. दुसऱ्याच्या चुकीने मृत्यू झाल्यास न्यायाधिकरण वार्षिक उत्पन्नाला वयानुसार गुणकाने गुणते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा निकालानुसार विशी-पंचविशीतल्या व्यक्तीस हा गुणक १८ आहे, तर ६६ ते ७० वयोगटास केवळ ५. मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा मात्र वय पाहून कमी होत नाही. त्याची रक्कम १५ लाख रुपये आहे. थोडे पैसे वाचवण्यासाठी तो गाळू नये. मात्र तो गाडी ज्याच्या नावावर त्यालाच, आणि वैध परवाना असेल तरच मिळतो. गाडी मुलाच्या नावावर आणि चालवतात वडील, हे आपल्याकडे नेहमीचेच. अशा वडिलांनी स्वतंत्र अपघात पॉलिसी घ्यावी. वर्षाला २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना सत्तरीपर्यंतच आहे, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना पंच्याहत्तरीपर्यंत.

यातले काहीही मोडलेल्या हाडाचे दवाखान्याचे बिल भरत नाही. त्यासाठी आरोग्य विमा वेगळा हवा. सत्तरी पूर्ण झालेल्यांनी ऑक्टोबर २०२४ पासून सर्वांना खुले झालेले आयुष्मान कार्ड काढून घ्यावे.

मालकाच्या माघारी

गाडीचा मालक वारल्यास पॉलिसी लगेच बंद पडत नाही. मृत्यूपासून तीन महिने किंवा तिची मुदत, यांपैकी जे आधी येईल तोवर ती चालते. तेवढ्या काळात वारसाने मृत्यूचा दाखला, वारसा हक्काचा पुरावा आणि मूळ पॉलिसी घेऊन कंपनीकडे अर्ज करावा. गाडी पत्नीकडे वा मुलांकडे आली, तर वडिलांचा नो क्लेम बोनसही त्यांना मिळतो. तो अर्जातच मागून घ्यावा.