वाटीतले नाणे आणि फळ्यावरचे अक्षर

प्रकाशाचा एक महत्त्वाचा नियम शिकण्यास प्रयोगशाळा लागत नाही. एका खोलगट वाटीच्या तळाशी रुपयाचे नाणे ठेवा. नाणे कडेआड जाऊन दिसेनासे होईपर्यंत मागे सरका आणि तेथेच थांबा. आता कोणाला तरी वाटीत हळूहळू पाणी ओतण्यास सांगा. नाणे हलले नाही, आपणही हललो नाही, तरी ते पुन्हा दिसू लागते!

असे का व्हावे? प्रकाश हवेत सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो, पाण्यात सुमारे सव्वादोन लाख, तर काचेत सुमारे २ लाख. एका माध्यमातून दुसऱ्यात तिरपे शिरताना वेग बदलतो, म्हणून किरणाची दिशाही बदलते. यालाच अपवर्तन म्हणतात. नाण्याकडून आलेला किरण पाण्याबाहेर पडताना वाकतो व कडेवरून आपल्या डोळ्यापर्यंत येतो. याच कारणाने विहिरीत चार हात पाणी असले तरी वरून पाहता ते तीन हातच भासते. पोहता न येणाऱ्यांनी हे विसरू नये.

आपला डोळाही याच नियमावर चालतो. बाहुलीपुढचे पारदर्शक पटल व आतले भिंग किरण वाकवतात आणि मागच्या दृष्टिपटलावर उलटी प्रतिमा पाडतात. ती सुलट करून समजून घेण्याचे काम मेंदूचे. मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे सुमारे २४ मिलिमीटर असतो. तो एखाद-दुसरा मिलिमीटर जरी अधिक लांब असला तरी दूरच्या वस्तूची प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच जुळते. मग पुस्तक वाचता येते, पण फळा दिसत नाही. मध्ये पातळ व कडेला जाड अशा अंतर्वक्र भिंगाने किरण आधी थोडे फाकवले की प्रतिमा मागे सरकून पडद्यावर येते. चष्म्याच्या नंबराचा हिशेबही सोपा आहे. १०० सेंटिमीटरला नंबराने भागावे. उणे २ नंबर म्हणजे ५० सेंटिमीटरपलीकडचे सारे अस्पष्ट.

हे आम्हास फार उशिरा कळले. शाळेत आम्ही मागच्या बाकावर बसून शेजाऱ्याच्या वहीतून गणिते उतरवीत असू. त्याची चूक ती आमची चूक. ‘मठ्ठ’ हा शिक्का बसला, तो आम्हालाही खरा वाटला आणि विज्ञानाची आवड असूनही आम्ही कला शाखेकडे वळलो. बँकेत लागताना झालेल्या तपासणीत उणे २ नंबर निघाला. चष्मा घालून बाहेर आलो तेव्हा समोरच्या पिंपळाची पाने प्रथमच वेगवेगळी दिसली.

चष्म्याने नंबर वाढतो हा समज खरा नाही. वाढत्या वयात डोळ्याची लांबी वाढते, म्हणून नंबर वाढतो. मुलीला चष्मा लागला तर लग्नाला अडचण येईल, ही भीतीही सोडून द्यावी. सभासद बंधू-भगिनींनो, आपले मूल फळ्यावरचे चुकीचे उतरवीत असेल, तर त्याला रागावण्याआधी त्याचे डोळे तपासून घ्या.