हातमोज्यांच्या आधी : कचरा वेचणाऱ्या हातांची सुरक्षितता

घरातील उरलेले अन्न, फुटलेली काच, मुदत संपलेली औषधे आणि वापरलेली इंजेक्शनची सुई एकाच पिशवीत बांधली, की ती पिशवी उघडणाऱ्या माणसाला आत काय आहे हे स्पर्शानेच ओळखावे लागते. कचरावेचक भगिनी, घंटागाडीवरील कामगार आणि भंगाराच्या गोदामात प्रतवारी करणारे कष्टकरी यांच्या आरोग्याचा प्रश्न या पिशवीपासून सुरू होतो. हे काम पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या वाट्याला आले, हे आपल्या समाजास वेगळे सांगावयास नको. म्हणूनच या विषयाकडे केवळ सहानुभूतीने न पाहता शास्त्रीय दृष्टीने पाहणे अगत्याचे आहे.

या कामातील धोके अनेक आहेत. काचेने व पत्र्याने होणाऱ्या जखमांतून धनुर्वाताची भीती असते. सुई टोचल्यास हिपॅटायटिस-बी, हिपॅटायटिस-सी किंवा एचआयव्हीचा संसर्ग होऊ शकतो. पावसाळ्यात उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. तारांतील तांबे काढण्यासाठी त्यांवरील प्लॅस्टिक जाळले, तर विषारी धूर थेट फुप्फुसांत जातो. मोबाईलची बॅटरी कचऱ्यात दाबली जाऊन पेट घेते. जड पोती वाहून पाठ व गुडघे झिजतात, ते तर कोणत्याही नोंदवहीत येत नाही.

यावर उपाय म्हटला की हातमोजे आणि मुखपट्टीच आपल्या डोळ्यांसमोर येतात. सुरक्षाशास्त्रातील उपायांचा क्रम मात्र वेगळा आहे. प्रथम धोका मुळातच नाहीसा करावा. ते शक्य नसेल तर माणूस आणि धोका यांच्यामध्ये यंत्राची वा रचनेची आड घालावी. त्यानंतर प्रशिक्षण, लसीकरण व कामाची योग्य पद्धत यांचा विचार करावा. अंगावर घालावयाची साधने सर्वांत शेवटी येतात, कारण ती धोका दूर करीत नाहीत. पातळ हातमोजा सुईला अडवू शकत नाही, आणि जाड हातमोज्यात कागदाची व प्लॅस्टिकची प्रत बोटांना कळत नाही. ज्या भगिनीची कमाई वेचलेल्या मालाच्या वजनावर आणि प्रतीवर ठरते, तिने उन्हाच्या कडाक्यात जाड मोजे काढून ठेवले, तर त्यास अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल.

पहिल्या पायरीवरचा उपाय, म्हणजे वर्गीकरण, आपल्याच घरात आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा देण्याची जबाबदारी कचरा निर्माण करणाऱ्यावर टाकली. कचरा हाताळणाऱ्या कामगारांना गणवेश, हातमोजे, रेनकोट, योग्य पादत्राणे व मुखपट्टी मिळावी, अशीही तरतूद त्यांत होती. नागरिकाने पहिले कर्तव्य टाळले, तर दुसऱ्या तरतुदीचा उपयोग फार तोकडा पडतो.

पुण्याचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. १९९३ मध्ये तेथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली. तिच्या सदस्यांत दलित समाजातील स्त्रियांची संख्या फार मोठी आहे. संघटनेमुळे त्यांना ओळखपत्र मिळाले आणि श्रमिक म्हणून मान्यता मिळाली. पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था स्थापन होऊन २००८ मध्ये तिने पुणे महानगरपालिकेशी करार केला. उकिरड्यावर वाकून वेचण्याऐवजी या भगिनी घरोघरी जाऊन कचरा गोळा करू लागल्या. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, असे आवाहनही त्यांनी नागरिकांना केले. त्या ठिपक्याला खर्च काही नाही. परंतु पुडी न उघडताच आतील वस्तू कळते.

गोदामांतही असेच साधे बदल शक्य आहेत. जमिनीवर बसून निवडण्याऐवजी कमरेच्या उंचीचे टेबल, खेळती हवा, गठ्ठे बांधण्याच्या यंत्राला संरक्षक जाळी आणि हात बंद करण्याचे बटण, हात धुण्यास पाणी व साबण, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह. धनुर्वाताची लस आणि हिपॅटायटिस-बी लसीच्या तीन मात्रा (पहिलीनंतर एका महिन्याने दुसरी व सहा महिन्यांनी तिसरी) प्रत्येक कामगारास मिळावयास हव्यात. सुई टोचल्यास जखम दाबून रक्त काढू नये. ती साबणाने व वाहत्या पाण्याने धुऊन त्वरित रुग्णालय गाठावे. एचआयव्हीचा प्रतिबंधक औषधोपचार ७२ तासांच्या आत, आणि शक्य तितक्या लवकर, सुरू होणे आवश्यक असते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातील कामाचे तास आठवड्याला ४८ वर आणणारी दुरुस्ती त्यांच्याच कारकिर्दीतील. कामगाराचे आरोग्य हा दयेचा नव्हे, हक्काचा विषय आहे, ही दृष्टी त्यामागे होती. भंगाराच्या लहान गोदामापर्यंत तो हक्क अजूनही पुरता पोहोचलेला नाही.

आपल्या शाळांतून शिकून बाहेर पडणाऱ्यांत उद्याचे डॉक्टर, अभियंते, वकील व पालिकेतील अधिकारी आहेत. डॉक्टरांनी वस्तीत लसीकरणाचे शिबिर घ्यावे, अभियंत्यांनी गोदामाची रचना सुधारावी, वकिलांनी विम्याचे व भरपाईचे अर्ज भरून द्यावेत. आणि आपण सर्वांनी फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून, त्यावर ‘काच’ असे ठळक लिहून, वेगळी द्यावी. हे आजच्या आज करता येण्याजोगे आहे.