कडेवरचं मूल, नसेवरची भूल

गोदावरीच्या तापल्या वाळवंटात रडणारं पोर संत एकनाथांनी कडेवर घेतलं, ही गोष्ट पैठणात लहानपणीच कानावर पडते. या कडेवर घेण्याचं अस्थितज्ज्ञही कौतुक करतात. पाय फाकवून कमरेवर बसलेल्या बाळाच्या मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत नीट राहतो. पाय सरळ करून दुपट्यात घट्ट आवळलं, तर तो निसटू शकतो. पायाळू बाळांना आणि मुलींना हा धोका अधिक.

गोळा निसटल्याचं लवकर कळलं तर पाय फाकवून ठेवणाऱ्या पट्ट्यांवर भागतं. मूल लंगडत चालू लागल्यावर कळलं, तर बहुधा ऑपरेशन. सांधा उघडायचा, गोळा वाटीत बसवायचा, लागलं तर हाड कापून वळवायचं आणि छातीखालपासून पायापर्यंत प्लॅस्टर घालायचं. मग ते पोर दुखतंय म्हणून रडतंय की भुकेनं, हे आईलाही उमगत नाही.

तान्ह्यांना फारसं दुखत नाही, असं एकेकाळी डॉक्टरही मानत. १९८७ मध्ये ऑक्सफर्डमधल्या डॉ. के. जे. एस. आनंद यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिलं, की अपुऱ्या भुलीत ऑपरेशन झालेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं उसळतात.

नसेचा ब्लॉक, म्हणजे नसेवरची भूल, ही उसळीच रोखू पाहतो. मूल पूर्ण भुलीत असतानाच भूलतज्ज्ञ सोनोग्राफीच्या पडद्यावर सुईचं टोक पाहत नसांपाशी औषध सोडतात. मात्रा वजनावर ठरते. सांध्याची हाक काही तास मेंदूपर्यंत पोचत नाही. २०१८ मध्ये मांडला गेलेला ‘पेंग’ ब्लॉक सांध्याच्या पुढच्या आवरणातल्या बारीक नसाच गाठतो, म्हणून पायातलं बळ बरंचसं टिकतं.

या ताणाचा माग साध्या सीबीसीतही, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीतही, लागतो. दोन वर्षांच्या निरोगी मुलाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत लिम्फोसाइट जास्त, न्यूट्रोफिल कमी. ऑपरेशननंतर पारडं फिरतं. ब्लॉक दिलेल्या मुलांत ते कमी फिरल्याचं अलीकडच्या काही अभ्यासांत दिसलं. पण एवढ्यावरून हाड लवकर जुळेल, असं म्हणता येत नाही. जखम भरायला थोडा दाह लागतोच. शिवाय ब्लॉकखाली दुखणं दबतं, तसा प्लॅस्टर आवळल्याचा इशाराही. म्हणून प्लॅस्टरबाहेरची बोटं गार किंवा निळी पडत नाहीत ना, हे बघत राहायचं.

खुब्याचा हा दोष २०१३ च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी यादीत आहे. तरी पैठणहून छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयापर्यंतची वाट धरावी लागलीच, तर ऑपरेशनच्या तारखेसोबत एक प्रश्न आठवणीनं विचारावा: ‘भूल उतरल्यावर लेकराच्या दुखण्याचं काय करणार?’