खुब्यात झिरपणारा धातू

खुब्याचा सांधा बदलला की नव्या सांध्याची ओळख सांगणारा एकच कागद असतो: त्याच्या खोक्यावरचा स्टिकर. कंपनीचे नाव, उत्पादनाचा क्रमांक, माप आणि लॉट नंबर त्यावर छापलेला असतो. शस्त्रक्रियेनंतर तो केसपेपरवर चिकटवतात. केसपेपर मुंबई-पुण्या-नाशिकच्या रुग्णालयात राहतो आणि जळगाव-धुळ्याचा रुग्ण डिस्चार्ज कार्ड घेऊन एसटीने घरी येतो. त्या कार्डावर पुष्कळदा एवढेच असते: ‘खुबा बदलला’. हा कागद हाताशी नसला तर काय होते, ते ‘एएसआर’ या सांध्याच्या प्रकरणाने दाखवले.

जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीचा हा सांधा भारतात 2006 पासून आला. त्यात गोळाही धातूचा आणि वाटीही धातूचीच, कोबाल्ट-क्रोमियमची. वाटी नेहमीपेक्षा उथळ होती. ती थोडी जरी तिरकी बसली तरी गोळ्याचा भार तिच्या कडेवर येई आणि दोन्ही पृष्ठभाग झिजत. डोळ्यांना न दिसणारे कण आजूबाजूच्या मांसात साचत, कोबाल्ट रक्तात उतरे. सांध्याभोवती गाठी होत, स्नायू आणि हाड खराब होत. कोबाल्टचे प्रमाण फार वाढले तर ऐकणे, दृष्टी, थायरॉइड आणि हृदयाच्या स्नायूंवरही परिणाम होतो. कित्येकांना दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करून सांधा काढावा लागला. ब्रिटनच्या सांधेनोंदणीत पाच वर्षांत साधारण आठांपैकी एकावर ही वेळ आल्याचे दिसले आणि ऑगस्ट 2010 मध्ये कंपनीने जगभरातून हा सांधा परत मागवला.

हा धोका ब्रिटनला दिसला, कारण तिथे सांध्यांची नोंद एका ठिकाणी होत होती. आपल्याकडे सुमारे 4,700 शस्त्रक्रिया झाल्या होत्या, पण तशी सक्तीची नोंद नव्हती. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने, महेश झगडे आयुक्त असताना, हे प्रकरण धसास लावले आणि माहीम पोलिसांत तक्रार नोंदवली. तरीही डॉक्टरांसाठी केंद्राची सूचना निघायला डिसेंबर 2013 उजाडला. 2017 मध्ये डॉ. अरुण अग्रवाल समिती नेमली गेली, तोवर सुमारे 3,600 रुग्णांचा पत्ताच लागत नव्हता. त्यांना कुणी सांगितलेच नाही की तुमच्या शरीरातला सांधा परत मागवला आहे. समितीने किमान 20 लाख रुपये भरपाई सुचवली. पण आपल्या सांध्याचा पुरावाच नसलेल्या माणसाने ती मागायची कशाच्या आधारावर?

खान्देशाने याकडे विशेष लक्ष द्यायला हवे. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा वस्त्यांत सिकलसेल आहे. या आजारात खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो ऐन तारुण्यात खचू शकतो. पंचविशीत-तिशीत सांधा बदलला, तर तो पुढची कितीतरी दशके शेतात, वीटभट्टीवर, डोंगरवाटांवर टिकवायचा असतो. सांधा जितकी जास्त वर्षे वापरायचा, तितकी त्याची नोंद जपण्याची गरज मोठी.

म्हणून घरात कुणाचा खुबा बदलला असेल तर रुग्णालयाकडून केसपेपर आणि शस्त्रक्रियेच्या नोंदीची प्रत लेखी अर्ज करून मागा. रुग्णाचा तो हक्क आहे. स्टिकरचा फोटो मोबाइलमध्ये आणि झेरॉक्स रेशनकार्डासोबत ठेवा. धातूवर धातू असा सांधा असेल, तर दुखत नसले तरी रक्तातले कोबाल्ट आणि क्रोमियम तपासून घ्या. ब्रिटनच्या औषध नियामकाने लिटरला 7 मायक्रोग्रॅम ही इशाऱ्याची पातळी धरली होती. जांघेत दुखणे, सूज किंवा कटकट आवाज असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवायला उशीर करू नका.

पण सगळा भार रुग्णावर टाकून भागणार नाही. धुळ्याच्या हिरे वैद्यकीय महाविद्यालयात आणि जळगावच्या शासकीय महाविद्यालयात बाहेरगावी सांधा बदललेल्यांसाठी एक साधे रजिस्टर सुरू करता येईल: नाव, गाव, शस्त्रक्रियेची तारीख, कंपनी, लॉट नंबर. त्याला लाखो रुपये लागत नाहीत. उद्या एखादा सांधा परत मागवला गेला, तर शिरपूर-चोपड्याच्या वस्तीपर्यंत निरोप याच रजिस्टरवरून पोहोचेल. राज्य सरकारने ही नोंद सक्तीची करावी आणि सुरुवात खान्देशातून करावी.