माळ्यावरचा पीएस टू

दिवाळीच्या साफसफाईत आईने माळ्यावरून पीएस टू काढला. "नवा आणलास ना? मग हा देते भंगारात." मी हो म्हणणारच होतो, पण आधी 'क्रिकेट ०७'ची डिस्क नव्या कन्सोलमध्ये घालून पाहिली. चालली नाही. इंजिनिअर असून हे आधी तपासलं नव्हतं, काय सांगू!

गेम त्या त्या मशीनच्या चिपसाठी लिहिलेला असतो. २००० साली आलेल्या पीएस टूमध्ये पहिल्या प्लेस्टेशनचा प्रोसेसरही बसवला होता, म्हणून त्याचे गेम चालत. २००६च्या सुरुवातीच्या पीएस थ्रीतही पीएस टूच्या चिप होत्या. खर्च कमी करायला पुढे त्या काढल्या. पीएस फाइव्हची रचना पीएस फोरच्या जवळची, त्यामुळे त्याचे जवळजवळ सगळे गेम चालतात. त्याआधीच्या डिस्क मात्र नाहीत. सॉफ्टवेअरने जुन्या चिपची नक्कल करता येते, पण प्रत्येक गेम त्यावर नीट चालतोच असं नाही.

आणि डिस्क चालली असती तरी दादाची अर्धवट राहिलेली ॲशेस मालिका त्या ८ एमबीच्या मेमरी कार्डावरच आहे. दादा परवा पुण्याहून बडोद्याला येतोय. मी सध्या लाल-पांढरी-पिवळी वायर लागेल असा टीव्ही शोधतोय.